सोबतीचा रकाना

बाड हॉम्बुर्गच्या स्टेशनवरून सुटलेली बस बावीस मिनिटं डोंगर चढते आणि शेवटच्या थांब्यावर रिकामी होते. समोरच बुखनहांग क्लिनिक आहे. तीन मजली, पिवळसर, सपाट छपराची इमारत. मागे बीच जातीची झाडं, पुढे सायकली लावायची जागा. ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेनऊला देवश्री कर्णिक तिथे उतरली तेव्हा तिच्या पिशवीत लॅपटॉप, पोळीभाजीचा डबा आणि तीस पेशंटांच्या केस नंबरांची यादी होती.

शस्त्रक्रियेनंतर पेशंटला जे होऊ नये ते किती वेळा झालं, हे मोजणं तिचं काम. पायात रक्ताची गुठळी, जखमेत पू, न्यूमोनिया, पलंगावरून उतरताना पडणं. फ्रांकफुर्टमधली तिची संस्था दरवर्षी दोनशेहून जास्त हॉस्पिटलांकडून हे आकडे मागवायची. पेशंटांची वयं, वजन, साखर, हृदय असं सगळं विचारात घेऊन तिथे असे प्रकार किती होतील याचा अंदाज काढायची, आणि प्रत्यक्षात किती झाले ते त्याच्या शेजारी लिहायची. "वर्षाला किती लोकांनी पडायला हवं हे माझी बायको ठरवते," असं तिचा नवरा कपिल पाहुण्यांना सांगायचा.

बुखनहांगमध्ये गेल्या वर्षी खुबा आणि गुडघा मिळून चारशे बारा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अपेक्षित प्रकार एकोणीस. प्रत्यक्षात शून्य.

दोन किंवा तीन असते तर देवश्रीने कौतुक केलं असतं. शून्य तिने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून ती स्वतः तपासायला आली होती. दुसरंही एक कारण होतं, ते तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं. याच आठवड्यात गुरुवारी, याच इमारतीत, तिच्या सासऱ्यांचा डावा खुबा बदलायचा होता. ऑगस्टमध्ये कच्ची यादी हातात आली तेव्हा तिनेच घरी सांगितलं होतं, बुखनहांगलाच करू या.

क्वालिटी विभागाच्या लिंडेनाऊबाईंनी तिला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दिली. टेबल, खिडकी, पाण्याची बाटली, आणि तीस फाइली ओळीने मांडून ठेवलेल्या. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं.

देवश्रीची वाचायची पद्धत ठरलेली होती. पू झाला ही नोंद लपवता येते, पण त्यासाठी दिलेलं औषध लपत नाही. म्हणून ती डॉक्टरांची पत्रं बाजूला ठेवायची आणि औषधांचे तक्ते बघायची. मध्येच सुरू झालेलं अँटिबायोटिक, अचानक मागवलेली पायाची सोनोग्राफी, रविवारी सकाळी घाईने केलेली रक्ततपासणी. बारा फाइली झाल्या. वीस झाल्या. कुठेही काही नव्हतं. तापाच्या आलेखाची रेघ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सरळ चालली होती. ऐंशी वर्षांच्या मधुमेही बाईंची जखम नवव्या दिवशी 'कोरडी, बंद' होती.

दुपारी डबा घेऊन ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये हॉस्पिटलचा गाऊन घातलेला एक म्हातारा व्हीलचेअर ढकलत चालला होता. त्याच्या गाऊनखालून बँडेजची कड दिसत होती. व्हीलचेअरमध्ये कोट घातलेली एक बाई बसली होती, मांडीवर पर्स. जिन्यावर दुसरी एक आजी, हाताला सलाइनची पट्टी अजून चिकटलेली, चाळिशीच्या एका माणसाला कोपराला धरून उतरवत होती. "हळू," ती त्याला म्हणत होती. "हळू, घाई नाही."

देवश्रीला हसू आलं. घरी गेल्यावर कपिलला सांगायला बरं, असं तिच्या मनात आलं.

जाताना ती लिंडेनाऊबाईंना म्हणाली, "तुमचे पेशंट फार लवकर हिंडाफिरायला लागतात."

"हो," बाई म्हणाल्या. "त्यांना घाई असते."

"कसली?"

"सोबतच्या माणसाकडे बघायचं असतं ना."

देवश्रीने ती थट्टा समजून सोडून दिली.

*

र्युसेल्सहाइमच्या घरात वरच्या मजल्यावर देवश्री, कपिल आणि त्यांची मुलगी दिया, आणि खालच्या मजल्यावर सासू-सासरे. रात्रीचं जेवण खाली. शशिधर कर्णिक एकतीस वर्षं इथल्या कार कारखान्यात गिअरबॉक्सच्या विभागात होते. आता शहात्तर वर्षांचे, साखर, हृदयात एक स्टेंट. गेले आठ महिने खुब्याच्या दुखण्याने त्यांना झोप नव्हती. वेदनेच्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर परिणाम व्हायला लागला होता, आणि आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे पार्ट बदलले," ते ताटावर बसता बसता म्हणाले, "आता माझा बदलतायत. वॉरंटी किती, ते विचारून ठेव गं देवश्री."

"पंधरा वर्षं, बाबा."

"म्हणजे पार्ट राहणार, गाडी जाणार."

"काहीतरी अभद्र बोलू नका हो," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्या क्लिनिकवर मात्र खूश होत्या. ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: बेग्लाइटपर्सोन, सोबतीचा माणूस. नाव आणि सही. "इतकी वर्षं या देशात काढली, पण माणसाला हॉस्पिटलात एकट्याला टाकून घरी यायचं हे मला कधी पटलं नाही. सोबतीला कोण, म्हणून विचारणारे हे पहिलेच. आपल्यासारखे."

"मग रकान्यात कोणाचं नाव घातलं?" कपिलने विचारलं.

"तिचं," शशिधर म्हणाले आणि त्यांनी दियाकडे बोट केलं. साखरेने नजर कमी झाल्यापासून त्यांचे सगळे फॉर्म दियाच भरायची.

"माइनं एर्स्टं एष्टं उंटरश्रिफ्ट," दिया तोंडात घास असतानाच म्हणाली.

"पहिली खरी सही आहे पोरीची," आजोबांनी कौतुकाने सांगितलं. "अठरा पूर्ण झाली ना. आता कायद्याने चालते."

"नवऱ्याच्या फॉर्मवर बायकोचं नाव नको वाटतं?" कुमुदिनीबाई पुटपुटल्या.

"तुला सुई बघून घेरी येते. मग तुझ्या सोबतीला मी उठू का?"

सगळे हसले. देवश्रीही हसली. हात धुताना तिला कॉरिडॉरमधली ती व्हीलचेअर आठवली, पण कपिलला सांगायचं राहून गेलं.

*

मंगळवारी ती ऑफिसात होती. शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी प्रत्येक पेशंटला संस्थेतून फोन जातो. दोन विद्यार्थी हे काम करतात. ठरलेले अकरा प्रश्न, हो किंवा नाही, आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. तो रकाना कोणी वाचत नाही. त्यात बहुतेक पार्किंगच्या आणि सूपच्या तक्रारी असतात.

बुखनहांगच्या चारशे बाराही पेशंटांनी फोन उचलला होता. अकरा प्रश्नांना सगळ्यांची उत्तरं चांगली होती. देवश्रीने शेरे वाचायला घेतले.

'पेशंट उत्तम. पत्नीच्या पायात गुठळी, ती दुसऱ्या हॉस्पिटलात.'

पन्नास-एक शेऱ्यांनंतर: 'पेशंट ठणठणीत. मुलीला न्यूमोनिया झाल्यामुळे बोलायला वेळ नाही.'

पुढे: 'नवरा घरात पडला, मांडीचं हाड. पेशंटच त्याचं सगळं करते.'

आणि आणखी पुढे: 'मुलाच्या मांडीवर गळू. चिरा दिला, भरत नाही. पेशंटची तक्रार नाही.'

तिने कागद ओढला आणि उभ्या रेघा मारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत चारशे बारा शेरे संपले. रेघा एकोणीस होत्या. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकोणीसच.

तिच्या अंदाजात प्रकारांप्रमाणे फोड होती. गुठळ्या सहा, जखमा पाच, न्यूमोनिया चार, पडणं चार. तिने रेघांची फोड केली. सहा, पाच, चार, चार.

घरोघर आजारपणं असतातच, तिने स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या पेशंटचे नवरे-बायकाही म्हातारेच असतात. मग तिने तितक्याच आकाराच्या दुसऱ्या दोन हॉस्पिटलांचे शेरे उघडले. पार्किंग. सूप. खिडकी लागत नाही. एका आजीबाईंना फिजिओथेरपिस्ट देखणा वाटला होता.

पाच वाजता तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला. ट्रेनमध्ये तिला बसवेना. फ्रांकफुर्ट ते र्युसेल्सहाइम ती दाराशी उभी राहिली.

*

बुधवारी सकाळी ती पुन्हा बुखनहांगला गेली. यावेळी तिने एकोणीस केस नंबर लिहून दिले. फाइली पाच मिनिटांत आल्या.

औषधांचे तक्ते तिने उघडलेच नाहीत. सरळ पहिलं पान, ॲडमिशनचा फॉर्म, तळातला रकाना.

जिच्या पायात गुठळी झाली त्या पत्नीची सही तिथे होती. न्यूमोनिया झालेल्या मुलीची होती. एका पेशंटचे दोन मुलगे रोज येत होते असं नर्सने लिहिलं होतं. सही धाकट्याची होती आणि गळू धाकट्याला झालं होतं. एक बाई विधवा, मूलबाळ नाही, नात्यात कोणी नाही. तिच्या फॉर्मवर शेजारणीने सही केली होती. शेऱ्यात होतं, 'शेजारीण जिन्यात पडली.'

एकोणीस फाइली, एकोणीस सह्या.

"आज वेगळ्या फाइली मागितल्यात." लिंडेनाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते देवश्रीला कळलं नाही.

"या सोबतच्या माणसांना पुढे काय झालं, तुम्हाला माहीत आहे?"

"आम्ही पेशंटांची नोंद ठेवतो."

"पण हे तुम्हाला माहीत आहे का?"

"हे बघा, फ्राउ कर्णिक. काय मोजायचं ते तुमच्या संस्थेने ठरवलं आहे. हा रकाना तुमच्या फॉर्ममध्ये नाही."

खिडकीबाहेर वाऱ्याने बीचची पानं गळत होती. देवश्रीने वरची फाइल मिटली.

"कोणी सहीच केली नाही तर?"

लिंडेनाऊबाईंनी जरा विचार केला. "तसं इथे झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी असतंच की."

देवश्री बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. एक बस सोडली, दुसरी सोडली. शस्त्रक्रिया रद्द करावी तर दुसरीकडची तारीख जानेवारीअखेरची होती. आठ महिने झोप नसलेल्या माणसाला आणखी चार महिने त्या गोळ्यांवर ठेवायचं. आणि दुसरीकडे त्यांचं काय होऊ शकतं, ते तिने ऑगस्टमध्येच काढलं होतं. वय, साखर, स्टेंट धरून नऊ टक्के. अशा शंभर शशिधरांमागे नऊ. इथे त्यांच्या बाजूला शून्य होतं. ते नऊ टक्के आता जिच्याकडे होते ती अठरा वर्षांची होती, आठवड्यातून दोनदा हँडबॉल खेळायची आणि फॉर्मवर सही करताना तिने जीभ दातांखाली धरली असणार.

हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही, हे तिला कळत होतं. पण नाव बदलायला काय लागतं? ती परत आत गेली.

रिसेप्शनवरच्या बाईंनी फाइल काढली. का, असं विचारलं नाही. फक्त फॉर्म वळवून पुढे केला. देवश्रीने दियाच्या नावावर रेघ मारली, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली.

"बदलतात बरेच जण," रिसेप्शनच्या बाई फाइल बंद करत म्हणाल्या. "आयाच बहुतेक."

*

संध्याकाळी कपिल बाबांना ॲडमिट करून आला. गुरुवारी शस्त्रक्रिया सत्तर मिनिटांत झाली. शुक्रवारी ते उभे राहिले. शनिवारी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि नर्सला गिअरबॉक्स समजावून सांगितला. ताप नाही, सूज नाही, जखम कोरडी.

देवश्री स्वतःवर लक्ष ठेवून होती. रोज सकाळी बाथरूमचं दार लावून ती शिवणाची सेंटिमीटरची टेप दोन्ही पोटऱ्यांभोवती गुंडाळायची. गुठळी झाली की पाय सुजतो, आणि सुजलेल्या पायावर अंगठ्याने दाबलं की खळगा तसाच राहतो. छत्तीस, छत्तीस. थर्मामीटर सदतीसच्या खाली. जिना उतरताना कठडा धरायची. ऑफिसात दर तासाला उठून फेऱ्या मारायची.

"तुला झालंय काय?" कपिलने रविवारी विचारलं. "बाबा पळतायत आणि तू पेशंटसारखी चालतेस."

तिने त्याला सांगायचा प्रयत्न केला. शेरे, एकोणीस, सह्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू सुट्टी घे थोडी." आणि नंतर, "हे आईला सांगू नकोस हं, ती खुळ्यासारखी रात्रभर जप करत बसेल."

सोमवारी छत्तीस, छत्तीस. तिला थोडं हलकं वाटलं. एक्याण्णव टक्के वेळा काहीच होत नाही, हेही तिचंच गणित होतं. आणि व्हायचंच असेल तर ते आता तिला होणार होतं. एवढं तिला चालणार होतं.

*

मंगळवारी दुपारी ती ऑफिसातून परस्पर क्लिनिकला गेली. दिया शाळेतून आधीच येऊन पोचली होती आणि खाली मशीनमधून आजोबांसाठी कॉफी आणायला गेली होती. शशिधर काठीशिवाय खिडकीशी उभे होते.

"बघ," ते म्हणाले. त्यांनी डावा पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "तुझी यादी खरी निघाली. दुखत म्हणून नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग सात तास झोपलो."

"छान झालं, बाबा."

"पण एक सांगतो, रागावू नकोस. आमच्या पोरीची सही खोडलीस ना तू?"

देवश्रीने खांद्यावरची पिशवी पलंगावर ठेवली.

"बुधवारी इथे आलो तेव्हा बाईंनी विचारलं, सोबतीला फ्राउ देवश्री कर्णिक, बरोबर? मी म्हटलं, छे. तिला कामाचा ढीग पडलाय, कशाला तिला आणखी त्रास? आणि दियाने इतक्या हौसेने सही केली होती. ती खोडलेली बघून तिला काय वाटलं असतं?" ते प्रेमाने हसले. "मी सांगितलं, नातीचंच घाला. कपिल गाडी लावत होता, दिया माझी बॅग घेऊन शेजारीच उभी होती. केली तिने पुन्हा सही. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, आता कसं!"

ती जिन्याने खाली गेली. कठडा धरला नाही.

रिसेप्शनवर त्याच बाई होत्या. त्यांनी न विचारता फाइल काढली. देवश्रीचं नाव पट्टी लावून सरळ रेघेने खोडलं होतं. खाली दियाची गोल, नीटस सही.

"मला पुन्हा माझं नाव घालायचं आहे."

"ऑपरेशन झाल्यावर बदलत नाही आम्ही."

"मी तिची आई आहे."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी फाइल जागेवर ठेवली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

देवश्री परत वर आली.

शशिधरांनी आपली खुर्ची दियाला दिली होती आणि ते स्वतः तिच्याशेजारी उभे राहून कॉफी पीत होते. दियाने डाव्या पायातला बूट काढला होता.

"काय झालं?"

"निष्ट्स, ममा, काही नाही." दिया मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली. "हँडबॉल. बूट घट्ट झालाय."

"काल गेली होतीस खेळायला?"

दिया थांबली. जरा आठवून म्हणाली, "नाइन. काल नाही."

"तिला मी तेच सांगतोय," शशिधर म्हणाले, "तरुण वयात जरा चालावं. माझ्याकडे बघ म्हणावं."

देवश्री खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. तिने मोजा खाली सरकवला. नडगीवर अंगठा टेकवला, दाबला आणि मनात पाचपर्यंत मोजलं.

मग अंगठा उचलला.

खळगा भरला नाही.